काजळीचं ऑपरेशन

२००५ सालची गोष्ट. विश्रांतवाडीच्या त्या सोसायटीत माणसांपेक्षा मोटारी जास्त दिसायला लागल्या, ते हेच वर्ष. सकाळी कंपन्यांच्या गाड्या येऊन पोरांना खराडीकडे घेऊन जात. मागे आवारात उरत सत्यशीलाबाईंसारखी निवृत्त मंडळी, आणि काजळी.

काजळी म्हणजे डोळ्यांभोवती काळी कडा असलेली गावठी कुत्री. ती कुणाचीच नव्हती, पण जेवायची सत्यशीलाबाईंच्या दारात. बाईंची मुलगी प्रियदर्शनी हिच्या टीममधला आनंद तिला मोटारसायकलवरून घरी सोडायला यायचा, तो काजळीला बिस्किटं घालायचा. मे महिन्यात कंपनीनं त्याला अमेरिकेला पाठवलं आणि काजळीची बिस्किटं बंद झाली.

जून सरता सरता काजळीचं पोट दिसायला लागलं. सत्यशीलाबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून तेच बघत होत्या, तेव्हा प्रियदर्शनी मागे येऊन उभी राहिली. डोकं दुखतंय म्हणून ती कामाला गेली नव्हती.

"आई, दिवस गेलेत."

बाईंचा सारा जन्म शाळेत मराठी शिकवण्यात गेला होता. त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"दिवस बायकांना जातात. कुत्री गाभण असते. दिवसभर इंग्रजी बोलता म्हणून मराठी विसरलंच पाहिजे असं नाही."

प्रियदर्शनीही खिडकीतून काजळीकडे बघायला लागली. मग म्हणाली, "बरं. गाभण."

सोसायटीचे चेअरमन रावसाहेब यांच्याही नजरेतून ते पोट सुटलं नाही. पुढची सर्वसाधारण सभा कुत्र्यांचीच भरवावी लागेल, कोरम तरी होईल, असं ते जिन्यात बाईंना ऐकवून गेले आणि त्यांनी कुत्र्यांची ऑपरेशनं करणाऱ्या एका संस्थेला फोन केला. संस्थेची डॉक्टर आली. नंदा नावाची, कामानं रापलेली मुलगी. तिनं काजळीच्या पोटावरून हात फिरवला आणि सरळ सांगितलं, की गर्भाशय काढताना आतली पिल्लंही जातील.

बाई भडकल्या. पोटुशीवर सुरी चालवायची याला डॉक्टरकी म्हणत नाहीत, खाटिकखाना म्हणतात, असं त्या म्हणाल्या. नंदा चिडली नाही. तिलाही पहिल्यांदा हात धुताना रडू आलं होतं, हे तिनं लपवलं नाही. पण संस्थेचे पिंजरे भरलेले होते. पिल्लं मागायला येणाऱ्यांना जातीची हवी असत, गावठी नकोत. मागच्या खेपेच्या पिल्लांचं काय झालं, एवढंच तिनं विचारलं. एक पाण्याच्या टँकरखाली गेलं होतं. बाकीची उलट्या करून करून मेली होती, आणि बाईंनीच त्यांना शेवग्याखाली पुरलं होतं.

"ठेवायची असतील तर ठेवा, काकू," नंदा म्हणाली. "पण मग सांभाळा. सगळी. उद्या गाडी येईल, तोवर ठरवा."

संध्याकाळी मायलेकी गवार निवडत बसल्या. बाईंना तो विषय नको होता. प्रियदर्शनी मात्र तोच विषय काढत राहिली. पाप लागतं का, आतल्या जिवाला कळतं का. पोरीचा एवढा जीव काजळीवर असेल, असं बाईंना वाटलं नव्हतं.

"तू सांग ना, आई. तू म्हणशील तसं."

"माझ्या म्हणण्यावर काय आहे?"

"आहे. एखादं आपण सांभाळलं तर?"

बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी खरोखर विचार केला. एका पिल्लाचं बोचकं उबदार टोपलीत त्यांना दिसलंसुद्धा. मग त्यांनी मान हलवली.

"मी किती पुरणार? तू दिवसभर बाहेर. बापाचा पत्ता नाही. शिवाय लोक दगड मारणार. येऊन हाल व्हायचे, त्यापेक्षा न आलेलं बरं."

"आणि तिला काय वाटेल?"

"तरुण आहे. आठ दिवसांत विसरेल."

प्रियदर्शनीनं निवडलेली भाजी उचलून आत नेली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतः काजळीला उचलून गाडीत ठेवलं. काजळी शेपूट हलवत गेली. प्रियदर्शनी त्या वेळी तिथे नव्हती. बिबवेवाडीच्या मैत्रिणीकडे, उत्कर्षाकडे, चार दिवस राहते म्हणून ती सकाळीच निघून गेली होती. तिला बघवणार नाही, हे बाईंनी समजून घेतलं.

काजळी परत आली ती कानाला खूण आणि पोटाला टाके घेऊन. तिला दूध आलं होतं. ती जिन्याखाली, मोटारींखाली, पोत्यांच्या आड हुंगत फिरायची, पुन्हा पहिल्या जागी यायची. प्रियदर्शनी आली, उतरलेल्या चेहऱ्यानं तिच्याजवळ फरशीवर बसली आणि बराच वेळ उठली नाही.

"अजून शोधतेय," ती म्हणाली.

बाई आत जाऊन रडल्या. आपण एका आईशी काय केलं, हे त्यांना पुढे कित्येक वर्षं आठवत राहिलं.

काजळी खूप जगली, आणि म्हातारी होऊन जिन्याखालीच गेली. रावसाहेब फ्लॅट विकून मुलाकडे बंगळूरला गेले. डॉक्टर नंदानं ती संस्था सोडली. हल्ली ती गाईम्हशी बघते म्हणतात. आनंद तिकडेच राहिला, त्याच्या लग्नाचं निमंत्रण ई-मेलनं आलं. प्रियदर्शनीनं दिग्विजयशी लग्न केलं. जावई चांगला निघाला, पण वर्षं जात राहिली आणि पाळणा काही हलेना. शेवटी एका मोठ्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. दिग्विजय गावाला गेलेला, म्हणून सोबतीला सत्यशीलाबाई गेल्या.

तपासणी झाल्यावर बाई बाहेर जायला उठल्या. प्रियदर्शनी म्हणाली, "बस, आई."

यापूर्वी कधी राहिलं होतं का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही हो," बाईच बोलल्या. "पहिल्यापासून काहीच नाही."

"राहिलं होतं," प्रियदर्शनी म्हणाली. "दोन हजार पाच साली, लग्नाआधी. आईला विचारूनच पाडलं."