गोबऱ्याचं सार

"बाई, ह्यो तर गोबरो! ह्येच्या डोक्याचा सार काय बरा लागता!" मुंबईच्या मत्स्यालयात काचेला नाक लावून शलाका कुबल ओरडली, आणि शेजारच्या रांगेतली शहरी शाळेची मुलं खो खो हसली. देवगडहून सहलीला आलेल्या तिच्या सातवीच्या वर्गाने माना खाली घातल्या. बाईंनी डोळे वटारले. शलाकाचे कान लाल झाले.

गाइडने माइकवरून त्या माशाचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. तेवढ्यात हसणाऱ्यांतल्याच एका मुलाने हळूच विचारलं, "तू खरंच हा खाल्लायस?"

"खाल्लाय? बाबांबरोबर पकडलाय मी!" शलाकाने हात पसरून माप दाखवलं. ते जरा जास्तच झालं, तरी कुणी हसलं नाही. मग पुढच्या टाकीपाशी सापासारखी लांब वाम कशी कडकडून चावते ते तिने सांगितलं, आणि पुरावा म्हणून सायकलवरून पडल्याची गुडघ्यावरची खूण दाखवली.

दोन्ही शाळांची मुलं तिच्यामागे निघाली. बाईसुद्धा.

एकटा उरलेला गाइड माइक बंद करून मागोमाग आला. "बाळ," त्याने खालच्या आवाजात विचारलं, "बाजारात ताजं पापलेट कसं ओळखायचं गं? दर रविवारी बायकोची बोलणी खातो."