चोखा माल

कडोदऱ्याच्या लूमवर डबल पाळी खेचायला धुडकू रोज चहात एक पांढरी पुडी टाकून प्यायचा. दिवाळीत तसल्याच पुडीने शेजारच्या लूमवरचा गोपाल कोसळला आणि कसाबसा वाचला. डॉक्टर ओरडले, "नशा राहिली बाजूला, यात उंदराचं औषध निघालंय!"

धुडकूच्या बायकोने, प्रमिलाबाईने, पुडी सोडा म्हणून नवऱ्याच्या हातापाया पडून पाहिलं. "आपला पुडीवाला तसला नाही," म्हणत धुडकूने ते उडवून लावलं.

आणि खरंच, महिन्याभरात त्याची छाती धडधडायची थांबली, डोकं ठणकेना, दोन भाकरी जास्त जायला लागल्या. चहाच्या टपरीवर मांडीवर थाप मारून तो म्हणाला, "माल आते एकदम चोखा शे! भेसळ नावले नही!" ऐकून आणखी पाच जण त्याच पुडीवाल्याचे गिऱ्हाईक झाले.

***

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रमिलाबाईने त्या पाचही जणांच्या बायका घरी बोलावल्या आणि मिक्सर लावला. "पुडीमातलं मोरीमां ओता, अन् हाई पिठीसाखर भरा. सुंठ चिमूटभरच टाका, नहीत नवराले समजी जाई!"