शिवेवरचं ढेकूळ

ढेकूळ उचलायला खुशालरावाला सांगितलं कोणी होतं? ते काम नत्थुजीचं. कवठ्याची शीव कुठून कुठे जाते हे चालून दाखवायचा मान त्या महाराच्या घराण्याचा. म्हातारा अंघोळ करून, अनवाणी, तयार उभा होता आणि पाटलानं त्याच्या हातातून मातीचं ढेकूळ सरळ काढून घेतलं. पार्बताबाईंना ते मुळीच आवडलं नाही. पाटील गावाचा, त्यांचा तर पोटचा पोरगा. चारचौघांत दोन शब्द ऐकवायला त्यांनी कधी मुहूर्त पाहिला नव्हता. गप्प राहिल्या त्या समोर व्याही उभे होते म्हणून.

ओढ्याच्या अलीकडे कवठा, पलीकडे सावंगी. सावंगीत त्यांची लेक जमुना दिलेली. दोन्ही गावं आजवर एकाच परगण्यात नांदली. आता साहेबानं वऱ्हाडाचे दोन जिल्हे केले, पूर्वेचा अमरावतीला, पश्चिमेचा अकोल्याला, आणि मधली रेघ नेमकी या दोन गावांच्या शिवेवरून जायची होती. गावागावांतलं असतं तर दोन पाटलांनी पारावर बसून मिटवलं असतं. एकदा जिल्ह्याची रेघ पडली की पलीकडच्यानं अलीकडे दाद मागायची म्हणजे दोन कचेऱ्या आणि दोन साहेब.

भांडण ओढ्यातल्या डोहाचं होतं. डोह सावंगीचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. चैत्रात तिथल्या विहिरी आटल्या की सारं गाव त्याच पाण्यावर जगायचं. पण डोहाकाठची गाळाची जमीन काळीभोर, सातासमुद्रापार कुठे तरी लढाई पेटलेली, आणि अमरावतीच्या बाजारात कापसाला कोणी कधी ऐकला नाही असा भाव. खुशालरावाला ती जमीन हवी होती.

मोजणीदार उस्मानखाँनी रीत मोठ्यानं सांगितली. डोक्यावर शिवेची माती घ्यायची, आपल्या रक्ताच्या माणसाची शपथ घ्यायची आणि चालायचं. तो चालेल तिथून शीव. मग सव्वा महिना थांबायचं. ज्याची शपथ घेतली ते माणूस तेवढ्यात दगावलं तर चाल खोटी. नाही दगावलं तर रेघ नकाशावर पक्की. दोन्ही गावांनी माना हलवल्या. आजवर जो चालला तो लेकराची शपथ घेऊन चालला होता.

खुशालरावानं ढेकूळ डोक्यावर ठेवलं.

"खोटं चाललो," तो खणखणीत आवाजात म्हणाला, "त मायी माय मरो."

पार्बताबाईंच्या तोंडातलं पान तोंडातच राहिलं.

तो चालू लागला. खरी शीव अलीकडच्या काठानं जाते. खुशालराव बाभळीपाशी आला, सरळ पाण्यात उतरला, ओढा ओलांडून गेला आणि डोहाला पलीकडून वळसा घालून परतला. मागोमाग मोजणीची माणसं चुना टाकत आली. डोह कवठ्यात आला.

नत्थुजीनं मान फिरवली. पलीकडे व्याही गोवर्धनजी हात जोडून उभे होते, कोणाला ते त्यांनाही ठाऊक नसावं. डोक्यावर माती घेतलेल्याला कोणी अडवत नाही. त्याचा निवाडा देवानं करायचा.

खुशालराव घाम पुसत जवळ आला.

"तुले लेक नाही काय रे?" पार्बताबाईंनी विचारलं. "मायी शपथ काहून?"

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोल, माय. त्याचं सारं व्हायचं हाये. तुयं त सारं पाहून झालं." मग जरा हसून म्हणाला, "अन् तुले काय होते? परवा बडनेऱ्याले पायी जाऊन आली तू. वाटंत गाडीवाल्यासंग भांडली, ते येगळं."

खरंच होतं ते. पार्बताबाईंना आजवर साधा ताप माहीत नव्हता. सव्वा महिना त्या खडखडीत राहणार होत्या. रोज उठणार, सडा टाकणार, भाकरी खाणार, आणि त्यांच्या एकेका घासानं डोह कवठ्याचा होत जाणार. त्या मेल्या तर जमुनाला पाणी. जगल्या तर पोरगा खरा. त्यांच्या जित्या जिवाचीच त्यानं साक्ष काढली होती, त्यांना न विचारता.

मोजणीदारानं दोन्हीकडे पाहिलं. "कुणाची काही हरकत? माँसाहेब, तुमची?"

पार्बताबाईंनी पान थुंकलं. लुगड्याचा घोळ वर खोचला आणि त्या ओढ्यात उतरल्या. "माय, कुठं चालली?" खुशालराव ओरडला. त्यांनी ऐकलं नाही. लेकीच्या गावचं पाणी आई पीत नाही; प्यायली तर तिला लेकाचा उंबरा बंद. सोळा वर्षांत त्यांनी सावंगीत एक घोट घेतला नव्हता. पलीकडच्या काठाला लागल्या तशा वाकल्या, डोहातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि सगळ्यांदेखत प्यायल्या. गोवर्धनजी दचकून एक पाऊल मागे सरले.

मग त्या वळल्या. पाण्याच्या दोन्ही बाजूंना माणसं जागच्या जागी थिजली होती. चुन्याचं टोपलं घेतलेला गडी ते खाली ठेवायचं विसरला.

"न्हाव्याले बलाव, खुशाल," त्या म्हणाल्या. "अन् डोई भादरून घे. तुयी माय मेली."