न धुतलेली बाटली

बायको गेल्यापासून हरिदासला झोप नव्हती. कामावर डुलक्या येतात म्हणून हिंगणघाटच्या कापडगिरणीचा मुकादम त्याला साच्यावरून, म्हणजे यंत्रावरून, काढणार होता. नागपूरला एक डॉक्टर नुसतं बोलून बरं करतो, असं त्याने ऐकलं होतं. तो खर्च कामगार विम्यात बसेल का, असं त्याने गिरणीतल्या बाबूला विचारलं. बाबू हसला. "विम्यात बाटलीभर औषध बसते, बोलणं बसत नाई." औषधासाठी बाटली घरून न्यावी लागे. हरिदासने बायकोची तेलाची बाटली विम्याच्या दवाखान्यात नेली. कंपाउंडर वैतागला. "न धुता काऊन आणली?" "धुतली तर तिचा वास जाईन." डॉक्टरांनी बाटली हुंगली. "कोणतं तेल लावायच्या?" हरिदास बोलतच राहिला, रांग खोळंबली. बाटली रिकामीच परत देत डॉक्टर म्हणाले, "उद्या अशीच आणा." त्या रात्री तो झोपला. सकाळी कामावर जाताना बाबूच्या खिडकीशी थांबून म्हणाला, "बसते बाबूजी, बोलणंबी बसते. बाटली तेवढी धुवायची नाई."