भोपळ्यांची सोयरीक

थोरल्या लेकानं घरामागचं रानगवत, काटेरी झुडपं, कुजकी खोडं सगळं उपटून टाकलं आणि एकाच जातीची झाडं कवायतीला उभी केल्यासारखी रांगेत लावली. म्हणे जंगल! लोक वाहवा करून गेले, पण माझ्या भोपळ्याच्या वेलानं तेव्हापासून तोंडच फिरवलं. फुलं ढीगभर, फळ एक धरेना.

सून म्हणाली, "आई, त्या खोडांमध्ये मधमाश्या राहायच्या. घर गेलं, त्या गेल्या."

अख्ख्या खानदानाची लग्नं मी जुळवली, आता भोपळ्यांची सोयरीकही माझ्याच गळ्यात! रोज सकाळी नर फूल तोडायचं आणि मादी फुलावर घासायचं. थोरला खिदळायचा, "आई, वऱ्हाड कुठंय?"

परवा त्यानं कीटक तपासणारे साहेब बोलावले. ओढ्याकाठचा उरलेला झाडोराही काढून तिथं तीच झाडं लावायची होती, त्याला साहेबांची परवानगी लागते, आणि ती मिळते आसपास मधमाश्या भरपूर असल्या तरच. साहेब सकाळभर वेलापाशी स्टूल टाकून बसले, फुलांवर कोण कोण येतं ते बघत. मी आपली "लाजतेस काय भवाने, नीट बस" म्हणत एकेक फूल उरकत होते.

थोरला हात चोळत आला. "मग साहेब, मधमाश्या दिसल्या ना भरपूर?"

साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "एकच दिसली. चष्मा लावते आणि फुलांनाही टोमणे मारते. ओढ्याकाठाला हात लावू नका."