मन लावून ऐकणारे सहा

ड्रम एकटे वाजू लागले आणि पहिल्या रांगेतल्या विमलाक्का पदर खोचून उठल्या. मंदारने सॅक्सोफोन खाली केला आणि त्यांच्याकडे पाहिलं.

चेन्नईतल्या एग्मोरच्या तंजावरी मराठी मंडळींना जॅझची गोडी लावायची, ही कल्पना मूळ त्याचीच. सांगलीहून शोळिंगनल्लूरच्या कंपनीत आलेला हा माणूस, सॅक्सोफोन घेऊन शहरातले सगळे उंबरे झिजवून बसला होता. हा शेवटचा. मंडळाचे चिटणीस शेषाद्री यांनी बजावलं होतं, "सभासदांना रुचलं तर महिन्याचा पहिला रविवार तुमचा. नाही रुचलं, तर गाशा गुंडाळा."

तासभर बरं चाललं होतं. वेंकोबा मांडीवर ताल धरून बसले होते. मंदारने समजावलं, "जॅझमध्ये टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर."

"समेवर नाही?" वेंकोबा म्हणाले. "मग टाळी कायम चुकवणारे आमचे थोरले जावई जॅझचेच म्हणायचे!"

सभागृह खदखदून हसलं होतं. आणि आता ही गळती! विमलाक्कांमागून वेंकोबा, वेंकोबांमागून अख्खी रांग. खुद्द शेषाद्रीही. सिद्धार्थ बिचारा ड्रमवर घाम गाळतोय आणि दार सारखं उघडतंय, मिटतंय. मंदार या पायावरून त्या पायावर.

चाळीसातले उरले सहा. मागच्या रांगेत, पाठीचा कणा ताठ, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर तृप्ती. मंदारचा जीव त्या सहांवर टांगला.

"बंद कर," तो सिद्धार्थच्या कानाशी पुटपुटला. "लोक पळाले!"

"अरे, आत्ता कुठे हात बसतोय."

"बंद!"

ड्रम थांबले. मंदारने डोळे मिटून, त्या सहांसाठी म्हणून, एक संथ धून काढली. सहांपैकी कुणी पापणीसुद्धा हलवली नाही. असे श्रोते भाग्यानेच मिळतात.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. सगळा लोंढा आत. विमलाक्कांच्या हातात अर्धा भरलेला कॉफीचा टंबलर.

"अय्यो! थांबवलं कुणी?"

"काय हो तंबी," शेषाद्री गरजले, "तनी मध्येच तोडलीत? मृदंगाची तनी, म्हणजे एकट्याची पाळी, आली की आम्ही कॉफीला उठतो. आजोबांच्या काळापासून! कॅन्टीनमध्ये स्पीकर टांगलाय तो कशाला? वेंकोबा कॉफी विसरून मात्रा मोजत होते. आणि वाजवणाऱ्याचा असा अपमान?"

मंदारने मागच्या रांगेकडे हात केला.

"काका, त्यांना तरी विचारा. सहाच्या सहा जण जागचे हलले नाहीत. त्यांना जॅझ कळलंय!"

शेषाद्रींनी मागे वळून पाहिलं.

"ते होय? ते बारा वाजताच्या ध्यानवर्गाचे. लवकर येतात आणि कानांत कापूस घालून बसतात. पहिला रविवार आता त्यांनाच दिला."