दादीने काढलेली वीज

"हलवू नकोस अम्मी. फोन ग्रिलला टेकवून ठेव आणि व्हिडिओ चालूच राहू दे. वीज चमकली की नंतर त्यातून फोटो काढता येतो," आदिल शारजाहून सांगत होता.

"टेकवलाय रे बाबा," कुलसुम म्हणाली. नवा फोन तिने गॅलरीत कुंडीच्या आधाराने उभा केला होता, जुना कानाला होता. सगळ्या गल्लीची लाइट गेलेली, बाहेर बारीक पाऊस. माथेरानच्या बाजूला आभाळ मघापासून नुसतंच गुरगुरत होतं.

नातीला, तूबाला, उद्या शाळेत विजेचा फोटो न्यायचा होता. तोही घरच्या माणसाने काढलेला. इंटरनेटवरून उचललेला चालणार नव्हता. शारजात पाऊस कुठला आणि वीज कुठली? म्हणून आज पनवेलच्या दादीची आठवण झाली. एरवी आदिलचा फोन यायचा तो तब्येत विचारायला. बरी आहे म्हटलं की त्याचं काम संपलं. फोन ठेवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

तेवढ्यात कडाडलं. अर्धवट बांधलेले टॉवर, त्यांच्यावरच्या क्रेन, मागचा डोंगर, सगळं लख्ख दिसून पुन्हा गडप झालं. कुलसुमने व्हिडिओ मागे नेऊन पाहिला. वीज आली होती. मुळांसकट उपटलेल्या रोपासारखी, अख्खीच्या अख्खी.

"मिळाली का?" आदिलने विचारलं.

मिळाली म्हटलं की तो शाब्बास म्हणणार आणि फोन ठेवणार, हे तिला ठाऊक होतं. मग ती, हा अंधार आणि दोन खोल्या.

"हुकली रे," ती म्हणाली. "माझाच हात लागला मध्ये."

पोरीच्या शाळेच्या कामात आपण खोटं बोललो याची तिला लाज वाटली. झोपायच्या आधी पाठवू, तिने स्वतःला बजावलं.

"असू दे. परत चमकेल," आदिल म्हणाला. "तू खुर्ची घेऊन बस तरी. गुडघा काय म्हणतोय?"

ती गुडघ्याचं सांगू लागली. सांगणं अर्ध्यावर असतानाच तिकडून त्याच्या बायकोने, हादियाने, त्याला जेवायला हाक मारली.

"अम्मी, तुला स्पीकरवर ठेवतो टेबलावर. आली की आवाज दे."

मग चमचे वाजले. तूबाला मासा नको होता, अंडं हवं होतं. हादिया तिला रागावली. आदिल ऑफिसातल्या कुणाच्या तरी गाडीची गंमत सांगत होता, ती कुलसुमला नीट कळली नाही. तिच्याशी कुणीच काही बोलत नव्हतं, आणि तिचीही तक्रार नव्हती. एकदा तूबा खळखळून हसली, तेव्हा तोंडावर पदर धरून तीही हसली.

पाऊस कधीच थांबला होता. डोंगरावर चांदण्या दिसायला लागल्या.

शेजारच्या गॅलरीत हेतल आली. ओले कपडे पिळता पिळता तिचं लक्ष इकडे गेलं.

"भाभी, अंधारात एकट्याच काय बसल्या तुम्ही?"

कुलसुमने घाईने फोनवर तळवा ठेवला.

"हळू बोल गं," ती म्हणाली. "आमच्याकडे सगळे जेवायला बसलेत."